शहराच्या कडेचा माळ राखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पूर्वेला, वस्ती संपते तिथं एक माळ आहे. आसपासच्या सोसायट्यांतले रहिवासी, गावातली मेंढपाळ कुटुंबं आणि वनस्पतींचे दोन-तीन अभ्यासक असे आम्ही मिळून तो राखतो. व्हॉट्सॲपवर, माळावरच्या फिरतीत आणि सोसायटीच्या बैठकांत जे प्रश्न सारखे येतात, त्यांची उत्तरं इथं एका जागी केली आहेत.

१. माळरान म्हणजे नेमकं काय? ओसाड जागेलाच दिलेलं चांगलं नाव आहे का?

ओसाड नाही. सह्याद्री ओलांडून पूर्वेला आलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो. खाली काळा पाषाण, त्यावर मुरमाचा पातळ थर आणि वर्षातले आठ महिने कोरडे. अशा जमिनीवर राज्य गवताचं. पवन्या, मारवेल, कुसळी ही इथली मुख्य गवतं. त्यांच्यात मधूनच एखादी बोर, हिवर, खैर, पळस, बारतोंडी. जूनच्या सरी पडल्या की पंधरा दिवसांत माळ हिरवा होतो. मग जमिनीतल्या कंदांतून पांढरी मुसळी आणि आमरी वर येतात, पाठोपाठ नभाळी आणि कवला फुलतो. दिवाळीच्या सुमारास सगळं सोनेरी आणि मार्चपर्यंत करडं. बहुतेक लोक माळ बघतात तो एप्रिलमध्ये आणि "इथं काहीच नाही" म्हणून परततात. गवताचा ठोंब तेव्हाही जिवंत असतो. कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे वरचं पातं वाळलं, कापलं किंवा चरलं गेलं तरी पावसाबरोबर ते पुन्हा फुटतं.

२. पूर्वी इथं घनदाट जंगल होतं, तोडल्यामुळे माळ झाला, असंच आम्ही शिकलो. ते खोटं का?

सगळीकडे खोटं नाही. घाटाच्या जवळ, जास्त पावसाच्या पट्ट्यात झाडं तोडून उघडे पडलेले डोंगर आहेतच. पण पर्जन्यछायेतल्या माळांना ते लागू पडत नाही. संशोधकांनी गेल्या साडेसातशे वर्षांतल्या मराठी कथा, ओव्या आणि अभंग चाळून त्यांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. २०२५मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या रानवनस्पतींपैकी जवळपास दोन तृतीयांश उघड्या, गवताळ प्रदेशात वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे रेल्वेचे स्लीपर आणि इंग्रजांची कुऱ्हाड यायच्या कितीतरी आधीपासून इथं माळ होता. शिवाय चिंकारा हरीण आणि माळढोक, धाविक हे पक्षी, यांची शरीरं आणि सवयी उघड्या जागेसाठीच घडल्या आहेत, आणि तसं घडायला दोन-चारशे वर्षं पुरत नाहीत.

३. मग सरकारी कागदावर ही जमीन 'पड' का?

कारण कागद महसुलासाठी तयार झाले. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पड. सातबारा काढून पाहिला तर 'पोटखराब', 'सरकारी पड', 'गायरान' असेच शब्द दिसतील. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही माळरानांचे मोठाले पट्टे पडीक म्हणूनच रंगवले आहेत. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नकाशानुसार भारतातल्या अर्धशुष्क भागातली अशी नैसर्गिक मोकळी परिसंस्था देशाच्या सुमारे १० टक्के क्षेत्रावर आहे, पण तिच्यापैकी ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे. 'पड' या एका शब्दानं माळाचं जेवढं नुकसान झालं, तेवढं कुऱ्हाडीनंही केलं नसेल, असं माझं मत आहे. पड म्हटलं की तिथं काहीही आणून टाकायला लोक मोकळे होतात: राडारोडा, गोदाम, नाहीतर रोपवाटिकेत उरलेली रोपं.

४. इथं नक्की कोण राहतं?

चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, तित्तिर. ससा आणि खोकड. अधूनमधून तरसाच्या आणि लांडग्याच्या पाऊलखुणा. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत. उंच गवतात जमिनीवरच थव्यानं मुक्काम करतात. गवत नसेल तर त्यांना रात्र काढायला जागा नाही.

एक गोष्ट जवळून सांगतो. माळटिटवीला घरटं बांधायची गरजच वाटत नाही. मुरमात उथळ खळगा, कडेला चार खडे, आत मातकट रंगाची ठिपकेदार अंडी. तीन पावलांवर उभं राहून बोट दाखवलं तरी लोकांना ती दिसत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पायवाट सोडू देत नाही.

५. वाढदिवसानिमित्त किंवा कंपनीतर्फे शंभर रोपं लावायची आहेत. कुठं पाठवू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो मनापासून विचारलेला असतो. तरीही उत्तर नाही असंच आहे. माळावर रोपं लावायची तर खड्डे घ्यावे लागतात. त्यात जुने ठोंब आणि कंद उखडले जातात आणि उकरलेल्या मातीत पहिलं उगवतं ते गाजरगवत हे तण. पुढं टँकर फिरतात. जी झाडं जगतात त्यांची सावली गवताला मारते आणि उघड्यावर राहणारे पक्षी जागा सोडतात. कार्बनचा मुद्दा कुणीतरी काढतंच. गवताचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तर वाळलेलं पातं जळतं, जमिनीखालची ठेव बरीचशी शाबूत राहते.

राज्यात २०१९मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. अशा मोहिमांना लागते मोकळी जागा, आणि मोकळी जागा म्हटलं की बोट जातं माळाकडे. रोपांचे पैसे तुम्ही जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा), बी गोळा करणं आणि हातमोजे यांच्याकडे वळवलेत तर माळाचं भलं होईल. झाडंच लावायची असतील तर सोसायटीच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानाभोवती लावा. तिथं सावलीची खरोखर गरज आहे.

६. वड, पिंपळ, कडुनिंब ही तर देशी झाडं. ती चालतील ना?

झाड देशी असलं तरी ती जागा त्याची असतेच असं नाही. माळावर आपणहून रुजलेली हिवर किंवा बोर आम्ही कधीच काढत नाही. वडाची लागवड मात्र माळावर उपरीच. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

७. माझ्या वडिलांनी वीस वर्षं कॅन वाहून इथं झाडं जगवली. ती तुम्ही तोडणार का?

नाही. त्या पिढीनं पहाटे उठून पाणी घातलं, कारण त्यांना सगळ्यांनी हेच चांगलं काम म्हणून सांगितलं होतं. सुरुवातीला आम्हीही कडुनिंबाची रोपं लावली आहेत. आमचं ठरलेलं धोरण असं: मोठं झालेलं, पसरत नसलेलं झाड आहे तिथं राहू द्यायचं, त्याच्या आसपास नवी लागवड करायची नाही आणि ते गेलं की त्या जागी गवत येऊ द्यायचं. गेल्या पावसाळ्यात असेच एक आजोबा आमच्याबरोबर गवताचं बी पेरायला आले होते. त्यांनी लावलेल्या झाडाखाली बसूनच आम्ही डबे खाल्ले. बी टाकून पसरणाऱ्या झाडांची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

८. गिरिपुष्प आणि सुबाभूळ काढता का? त्याला परवानगी लागते?

काढतो, आणि परवानगी लागते. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प एके काळी भराभर वाढतं म्हणून मुद्दाम लावलं गेलं. आज त्याच्या दाटीखाली गवत उरलेलं नाही. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांचंही तसंच. पण झाड परदेशी आहे म्हणून कुणीही कोयता घेऊन जाऊ नये. महापालिका हद्दीत झाडं तोडायला १९७५च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वनजमिनीवर वनखात्याच्या संमतीशिवाय काडीही हलवायची नाही. आम्ही लेखी संमती घेतो आणि हातानं उपटता येतील अशा कोवळ्या रोपांपासून सुरुवात करतो. मोठी झाडं एकदम काढत नाही. एकदम ऊन पडलं की खाली गाजरगवत माजतं, म्हणून दरवर्षी एक पट्टा मोकळा करून तिथं लगेच गवत पेरतो.

९. गाजरगवत कधी आणि कसं उपटायचं?

पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना आणि फुलं यायच्या आधी. मुळासकट. पांढरी फुलं आली की उपटताना बी सांडतं आणि मेहनत वाया जाते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क लागतोच. या झाडानं त्वचेला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. दमा असलेल्यांनी हे काम घेऊ नये, त्यांच्यासाठी नोंदी ठेवण्याचं काम आहे. कधी पानांवर पट्टेदार भुंगेरे दिसतील. ते मारू नका, ते मेक्सिकन भुंगेरे गाजरगवतच खातात. तणनाशक आम्ही वापरत नाही.

१०. पिवळी-केशरी फुलं असलेला कॉसमॉस का उपटता? किती सुंदर दिसतो!

दिसतो खरा. सप्टेंबरात लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. पण तो मेक्सिकोचा आहे, आणि तो जिथं दाट होतो तिथं आपला तेरडा आणि कवला दिसेनासा होतो. वर्षायू आहे, म्हणजे बी धरण्याआधी सलग काही वर्षं उपटला तर आटोक्यात येतो. त्याचं बी मुद्दाम आणून टेकडीवर उधळणारे हौशी लोक मला दरवर्षी भेटतात. कृपा करून तसं करू नका.

११. मेंढ्या सगळं गवत संपवतात. तुम्ही चराई बंद का करत नाही?

या माळाला आणि मेंढ्यांना एकमेकांची जुनी सवय आहे. धनगरांचे कळप हंगामानुसार फिरतात. एका जागी वर्षभर ठाण मांडत नाहीत. थोडी चराई झाली की जुनं वाळलं गवत हटतं, नव्या फुटव्याला ऊन मिळतं आणि लेंडीखत पडतं. आम्ही एका तुकड्यात चराई पूर्ण बंद ठेवून पाहिली. तिथं वाळलेल्या गवताचा गादीसारखा थर साचला आणि छोट्या फुलझाडांना वर यायला वाट राहिली नाही.

चराई अति झाली तर मात्र मऊ गवतं संपतात आणि जनावरं तोंड न लावणारी झुडपं उरतात. मेंढपाळांबरोबर बसून आम्ही माळाचे तुकडे पाडले. गवत फुलून बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, एक तुकडा बंद. पुढच्या वर्षी दुसरा. कुठला तुकडा थकला आहे हे त्यांना आमच्या आधी कळतं. गावाच्या गरजेप्रमाणे नियम वेगळे होऊ शकतात. हिवरे बाजारनं चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायची वाट खुली ठेवली. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांसाठी आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. शहरातल्या बैठकांत मेंढपाळांना खुर्ची मिळायला त्यातून मदत झाली तर बरं होईल.

१२. गवत जाळलं की नवं जोमानं फुटतं ना? मग वणव्याला एवढा विरोध का?

फुटतं, हे खरं आहे. आगीशी जुळवून घेतलेलीच ही गवतं आहेत. पण दरवर्षी, सगळ्या माळाला आणि भर उन्हाळ्यात आग लागणं ही वेगळी गोष्ट. मार्चपासून माळटिटवी आणि धाविक अंड्यांवर असतात. सगळीकडे एकदम जळालं तर ससा, सरडा, कीटक यांना पळायला जागा राहत नाही. शहराच्या कडेला लागणारी आग बहुतेक वेळा बिडी, पार्टीतली शेकोटी किंवा पेटवलेला कचरा यातून लागते.

डिसेंबर-जानेवारीत आम्ही वनखात्याबरोबर जाळरेषा काढतो, म्हणजे गवताचा एक पट्टा कापून मोकळा करतो, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. आग दिसली तर १०१ वर अग्निशमन दलाला आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवा. वाऱ्याच्या दिशेला उभं राहून फांदीनं आग विझवायला जाऊ नका.

१३. गवत पुन्हा लावता येतं का? बी कुठून आणायचं?

येतं. बाजारातलं हिरवळीचं किंवा परदेशी चाऱ्याचं बी चालत नाही. बी त्याच माळाचं किंवा शेजारच्या माळाचं हवं, आणि जमीनमालकाच्या परवानगीनं गोळा केलेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरे हातानं ओरबाडून कापडी पिशवीत घ्यायचे, सावलीत वाळवायचे, पावसापर्यंत कोरड्या जागी ठेवायचे. एका जागेवरचे सगळे तुरे कधीच घ्यायचे नाहीत. मारवेलसाठी मुळांसकट ठोंब फोडून लावणं जास्त खात्रीचं.

कुसळीचं काम ती स्वतःच करते. तिचं एक वाळलेलं बी तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. काळं लांब कुसळ पीळ सोडत गोल फिरू लागतं, जणू कुणी स्क्रू फिरवतंय. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. दिवसाची कोरड आणि रात्रीचं दव यांच्या आधारे ते बी असं फिरत फिरत टोकानं मातीत शिरतं. फिरतीला आलेल्या मुलांना आम्ही आधी हेच दाखवतो. नंतर मोज्यात घुसलेली कुसळं काढताना ती कुरकुर करत नाहीत. उलट ती उचलून माळावर परत टाकतात.

१४. माळ पूर्ववत व्हायला किती वर्षं लागतात?

गवताचं आच्छादन दोन-तीन पावसाळ्यांत दिसू लागतं. पूर्ववत होणं मात्र फार लांबची गोष्ट आहे. जगभरच्या जुन्या गवताळ प्रदेशांच्या नोंदी एकत्र करून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, नांगरलेल्या किंवा उकरलेल्या जुन्या गवताळ प्रदेशातली सगळी वनस्पतिविविधता परतायला किमान शंभर वर्षं लागतात, बऱ्याचदा हजारो. कंदवाल्या आणि खोल मुळांच्या वनस्पती सावकाश येतात. म्हणून आमचा बहुतेक वेळ शाबूत तुकड्याची राखण करण्यात जातो आणि मोडलेल्यावर पेरणी त्यानंतर.

१५. पाणी अडवायला समतल चर खणले तर फायदाच नाही का?

शेताच्या वरच्या उघड्या उतारावर असेल. चांगल्या गवताच्या माळावर नाही. दाट गवत पावसाचा थेंब अडवतं आणि त्याच्या मुळांवाटे पाणी मुरतं. जेसीबीनं चर काढला की तो थर फाटतो आणि बाहेर पडलेल्या मुरमावर गाजरगवत ठाण मांडतं (प्रश्न ९).

१६. सकाळी कुत्र्याला मोकळं सोडलं तर काय बिघडतं?

जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं घर मोडतं. पट्टा बांधून, पायवाटेनं नेलं तर हरकत नाही; मार्च ते सप्टेंबर शक्यतो नेऊच नका. माळाच्या कडेला भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणंही थांबवा. कुत्र्यांकडून खोकड आणि लांडग्यांना आजार लागतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. लांडग्याचं रक्तच पातळ होत जाणं ही मला गोळीपेक्षा मोठी भीती वाटते.

१७. लांडगा दिसला. सोसायटीत घबराट आहे. काय करू?

अंतर ठेवा, पाठलाग करू नका, व्हिडिओसोबत ठिकाण पसरवू नका. निरोगी लांडगा माणसाला टाळतो. वागणं विचित्र वाटलं, म्हणजे झोकांड्या, लाळ, अंगावर येणं, तर १९२६ वर कळवा. लांडगा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यानं मेंढी मारली तर मेंढपाळाला वनखात्याकडून भरपाई मिळते. पंचनामा होईपर्यंत मेलेली मेंढी हलवू नये. त्या अर्जासाठी आम्ही मदत करतो.

१८. माळाला कायद्यानं संरक्षण कसं मिळवायचं?

आधी सातबारा आणि गट नकाशा काढून मालकी ठरवा. सगळा मार्ग तिथून फुटतो. गायरान असेल तर २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश त्यात राज्यांना दिले गेले. महापालिका हद्दीत विकास आराखडा येईल तेव्हा हरकती आणि सूचना मुदतीत द्या. पुण्यात समाविष्ट २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, आणि ते टिकवण्यात नागरिकांच्या पाठपुराव्याचा मोठा वाटा आहे.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या माळाच्या नोंदी तारखेसकट तिथं दाखल करा. त्याच कायद्याखाली राज्य सरकार जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. पुण्यातली गणेशखिंड बाग २०२०मध्ये तशी जाहीर झाली. फाइल कुठं अडली हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज करा.

अभयारण्याचा फलक लागला म्हणजे संपलं, असं समजू नका. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. तिथं आज माळढोक दिसलाच तर क्वचित.

१९. जागा खासगी असेल तर?

मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. अनेक मालकांना गवत कापून विकता येतं हेच पुरेसं असतं. बी पडल्यानंतर कापणी करा, एवढीच विनंती आम्ही करतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

२०. माळावर एकटं पिल्लू सापडलं. घरी आणून वाचवू का?

आणू नका. टिटवी आणि धाविकाची पिल्लं अंड्यातून आल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि धोका वाटला की डोळे मिटून मातीला चिकटून बसतात. ती सोडून दिलेली नसतात, लपलेली असतात. आईबाप जवळच ओरडत असतात. ते तुमच्यावरच ओरडत असतात. आल्या वाटेनं मागं फिरा. कुणी आधीच उचलून आणलं असेल तर लगेच नेमक्या त्याच जागी ठेवा, शंभरेक पावलं लांब जाऊन खाली बसा आणि हालचाल करू नका. बहुतेक वेळा थोड्या वेळानं एक टिटवी धावत येते, थांबते, पुन्हा धावते आणि मुरमातला एक खडा उठून तिच्या मागं चालू लागतो. पिल्लू जखमी असेल तरच १९२६ ला फोन करा आणि माणूस येईपर्यंत त्याच्यावर सावली धरा.